शनिवारचं जहाज

गुरुवारी दुपारी चार वाजता सगळे अंगणातल्या बालेवर, खांबांच्या उघड्या मंडपात, जमले, तेव्हा मासनीच्या हातात सहा कागद होते आणि त्या सहाही कागदांचा तिला अभिमान होता. दीड महिना खपून तिने ते तयार केले होते. कुठली बस धक्क्यावर कितव्या जागी लागेल, मुंडुकच्या घाटात ट्रक आडवा आला तर कुठे थांबायचं, धबधब्याच्या पायऱ्या ज्यांना झेपणार नाहीत त्यांना कुणाच्या मळ्यात कॉफी पाजायची, सगळं त्यात होतं. कुठल्या वाटाड्याचे विनोद फार लांबतात आणि त्याला कुठल्या बसमध्ये घातलेला बरा, हेसुद्धा तिने लिहून ठेवलं होतं.

बापा, म्हणजे तिचे वडील गेदे सुबागिया, खांबाला टेकून बसले होते. त्यांनी तीस वर्षं चेलुकान बावांगच्या धक्क्यावर जहाजांची माणसं उतरवून घेतली, उत्तर बालीभर फिरवली आणि वेळेत परत चढवली. गेल्या वर्षी हृदयाचं दुखणं झालं आणि डॉक्टरांनी धावपळ बंद करायला सांगितली. त्यांनी ती बंद केली, पण घरातल्या घरात हुकूम सोडण्यावर डॉक्टर काही बोलले नव्हते.

त्यांच्यासमोर त्यांचा धाकटा भाऊ, कोमांग सुदर्मा; मासनी या काकाला बापा कोमांग म्हणायची. लोविनाला वेगळं घर, वेगळं देवघर आणि स्वतःच्या पाच बसेस घेऊन गेल्यापासून तो या अंगणात आला नव्हता, त्याला दोन वर्षं होऊन गेली. आज आला होता, पण चपला काढताना त्याने त्या बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवल्या होत्या. मासनीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"वाच," बापा म्हणाले.

"जहाज ‘पॅसिफिक हेरॉन’. प्रवासी अकराशे, सहलींना उतरणार चारशे तीस. सात वाजता धक्क्याला लागणार, आठला पहिली बस सुटणार. मुंडुकचे धबधबे आणि तळी, एकशेतीस माणसं, सात तास. सिंगराजा आणि सांगसितचं देऊळ, एकशेतीस, पाच तास. बंजारचा विहार आणि गरम पाण्याची कुंडं, एकशेसत्तर, चार तास. पाचच्या आत सगळी परत, सहाला जहाज सुटेल. आपल्या आठ बसेस, बापा कोमांगच्या पाच, एकूण तेरा."

"छान," कादेक म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ, ताईला म्बोक म्हणणारा. सहा वर्षं एका मोठ्या जहाजावर वेटर होता, त्यामुळे जहाजांबद्दल शेवटचा शब्द आपलाच असतो असं त्याला वाटे. "पण खरं सांगू का, म्बोक? देनपसारची कंपनी हे सगळं संगणकावर करते. बसमध्ये टीव्ही असतो."

"धबधबा बघायला आलेल्या माणसाला टीव्ही कशाला?"

"तेच तर," काका हसला. तिला तो लहानपणापासून लुह, म्हणजे पोरी, म्हणायचा. "तुमचा प्रश्न टीव्हीचा नाही, लुह. तुमचा प्रश्न असा की उद्या लग्न होऊन तू दुसऱ्याच्या देवघरात जाणार. मग हे सहा कागद वाचायचे कुणी? कादेकने? त्याला सूप कुठल्या बाजूने वाढायचं ते येतं. देनपसारच्या कंपनीला धक्क्याचं काम देऊन टाका, ब्ली," तो मोठ्या भावाकडे वळला. "बसेस आपल्याच राहतील. ते सांगतील तिथे जायचं, संध्याकाळी घरी येऊन पाय पसरायचे. तुमच्या जिवालाही आराम."

हा विषय नवा नव्हता. जहाज कंपनी पुढच्या हंगामात सात फेऱ्या पाठवणार होती आणि त्या कुणाला द्यायच्या हे या शनिवारी जहाजावरची सहलींची बाई स्वतः बघून ठरवणार होती. बापांनीही घरात सांगून टाकलं होतं: हे जहाज नीट पार पडलं तर धक्का मासनीचा, नाही तर देनपसारवाल्यांचा. मासनी तेहेतीस वर्षांची होती आणि तिला आयुष्यात एवढी एकच गोष्ट मनापासून हवी होती. लग्नाचं तिने नाकारलं नव्हतं. गिआन्यारच्या एका मास्तरला तिने वर्षभर थांबवून धरलं होतं, आणि तो बिचारा थांबला होता.

"शनिवारनंतर बोलू," ती म्हणाली. "शनिवारी माझी माणसं वेळेत परत आली की मग सांगा मला आराम."

बालेच्या कडेला मेमे, मासनीची आई, नारळाची कोवळी पानं दुमडून बांबूच्या काड्यांनी टाचत बसली होती. तिच्यापुढे पूजेच्या दुरड्यांचा ढीग लागला होता. तिचा हात थांबला.

"शनिवारी? जहाज शुक्रवारी ना?"

"तीन आठवड्यांपूर्वी बदललं, मेमे. धक्क्यावर दुसरं जहाज होतं, म्हणून एक दिवस पुढे."

"अगं, मग मी हे काय करत बसलेय?" मेमेने हातातली दुरडी वर धरली. "शनिवारी तुम्पेक आहे."

कादेकने मासनीकडे पाहिलं, मासनीने हातातल्या कागदांकडे. एक कोंबडं मधून चालत गेलं.

तुम्पेक लांडेप, म्हणजे लोखंडाचा दिवस. दोनशे दहा दिवसांनी एकदा येतो. आधी देवघरातल्या कट्यारीची पूजा, मग घरातलं जे जे लोखंड राबतं त्या सगळ्याची: कोयते, शिवणयंत्र, मोटारसायकली आणि बसेस. बाकी लोक सकाळी गाडी चालवून दुपारी पूजा करत असतील, या घरात तसं नव्हतं. मासनीच्या आजोबांनी एका तुम्पेकला, घाई करणाऱ्या डच जोडप्याच्या नादाने, पूजेआधीच गाडी काढली होती आणि गितगितच्या वळणावरून ती दरीत गेली होती. माणसं वाचली, आजोबांचा पाय मात्र जन्माचा अधू झाला. त्या दिवसापासून दंडक होता: तुम्पेकला पूजेआधी चाक फिरणार नाही. आणि पूजा सूर्य उगवल्यावरच, कारण त्याआधीचा वेळ शुक्रवारचा धरतात.

स्वयंपाकघराच्या दारामागे मोठं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर तुम्पेकचा शनिवार मेमेने लाल पेन्सिलीने गोल करून ठेवला होता. मासनी रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहून कॉफी प्यायची. जहाजाचं पत्र आलं तेव्हा ती ऑफिसात होती; चार मिनिटांत तिने होकार कळवला, कागदांवर शुक्रवारच्या जागी शनिवार केला आणि लवकर उत्तर दिलं म्हणून स्वतःवर खूश झाली. बापांना फोनवर सांगितलं, ते दवाखान्याच्या रांगेत होते, "बरं" म्हणाले. घरात एक बाई शनिवारच्या पूजेच्या दुरड्या विणत होती, दुसरी शनिवारच्या सहली विणत होती, आणि दोघी एकाच ताटात जेवत असूनही कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

 मासनीला लाज वाटली ती चुकीची नव्हे. काका समोर बसलेला असताना ती उघडी पडली, याची वाटली.

"सहा वीसला उजाडतं," बापा सावकाश म्हणाले. "देवघरातली पूजा तासभर. मग तेरा गाड्या. मग इथून धक्का. नऊ-साडेनऊ झाले."

"आठला बस नाही दिसली तर ती बाई नऊपर्यंत थांबणार नाही," कादेक म्हणाला. "उभ्याउभ्या देनपसारवाल्यांना फोन लावेल."

"लावू दे की," काका म्हणाला. "त्यांच्या गाड्यांवर जावाची माणसं. त्यांना तुम्पेक नाही. मी आत्ता फोन केला तर शनिवारी सकाळी सातला तेरा गाड्या उभ्या राहतील." त्याने खिशातून फोन काढलासुद्धा.

फोन इतक्या चटकन निघाला की मासनीने मान वर केली. जहाज पुढे गेल्याचं पत्र तिने काकालाही पाठवलं होतं. काका गाडीचं इंजिन उघडण्याआधीसुद्धा चांगला दिवस बघणारा माणूस. त्याच्या बसेसच्या आरशाला लटकणारं छोटं कॅलेंडर त्याच्या डोक्यात सदैव उघडं असायचं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तीन आठवडे तुम्हाला माहीत होतं की शनिवारी तुम्पेक आहे."

काकाने मिशीवरून बोट फिरवलं. "मी गाडीवाला माणूस आहे, लुह. सांगितलं तिथे गाडी लावतो. डोकं चालवायचं काम तुमचं."

हे मात्र तिला लागलं. याच माणसाने तिला चौदाव्या वर्षी सीटवर उशी ठेवून, तिच्यावर बसवून बस चालवायला शिकवलं होतं, घाटात ब्रेकवर नव्हे तर गिअरवर उतरायचं हे शिकवलं होतं. तिला तो बापांपेक्षा जवळचा होता एके काळी. आणि तो तीन आठवडे गप्प बसला, तिचा पाय कधी घसरतो ते बघत.

"सुदर्मा," बापा म्हणाले. नुसतं नाव घेतलं, पण काकाने नजर खाली घातली.

"ब्ली, तुम्ही मला दोन वर्षांत काही विचारलंत? देवघर वेगळं केलं तेव्हापासून मी फक्त पाच बसेस. सुदर्मा पाच पाठव, सुदर्मा तीन पाठव. मला कुणी विचारलंच नाही, तर मी कशाला सांगू?"

"भांडायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी भांडा," मेमे म्हणाली. तिने पुन्हा पान दुमडायला घेतलं होतं. "कट्यारी इथेच पुजल्या जातील, घरात. पण गाड्या इथेच पुजायला हव्यात असं कुठे आहे? मला आपलं वाटलं म्हणून विचारलं."

मासनीने तिच्याकडे पाहिलं, मग काकाकडे.

"बापा कोमांग, तुम्ही लोविनाला देवघर बसवलंत, तेव्हा इथून तीर्थ नेलंत ना?"

"नेलं. वाजतगाजत नेलं. बांबूच्या नळकांड्यातून."

"वाटेत त्याचं काही बिघडलं?"

"तीर्थाचं काय बिघडणार? वेडी आहेस का?"

"म्हणजे तीर्थ प्रवास करतं," मासनी म्हणाली. ती आता उठून उभी राहिली होती आणि तिला स्वतःलाच कळत होतं की आवाज परत आला. "मग गाड्या अंगणात कशाला हव्यात? उद्या शुक्रवारी संध्याकाळीच आपल्या आठही बसेस धक्क्यावर नेऊन उभ्या करू. ड्रायव्हर तिथेच झोपतील. शनिवारी पूजेआधी चाक फिरवायची वेळच येणार नाही. उजाडलं की आपले पुजारी, मंकू, इथे अर्ध्या तासात फक्त कट्यारींची पूजा करतील, बाकीचं देवघर संध्याकाळी; मग तीर्थ घेऊन धक्क्यावर येतील आणि उभ्या बसेसची पूजा तिथेच होईल. पावणेआठपर्यंत सगळं उरकेल."

"आणि मंकूंना धक्क्यावर कोण आणणार?" कादेक म्हणाला. "तीही गाडीच. तिचीही पूजा व्हायचीय. पंधरा किलोमीटर चालत आणणार का म्हाताऱ्याला?"

 मासनीने तिथपर्यंत विचार केला नव्हता. पण मेमे आधीच फोन कानाला लावून बसली होती.

धक्क्याला लागून बुगिस कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या दाएंग हासनाच्या घरी मेमे गेली बत्तीस वर्षं प्रत्येक सणाला ताट पाठवत आली होती, कोंबडी आणि मासळी, डुकराचा वासही नसलेलं. आणि ईदला तिकडून केतुपात, पानांत शिजवलेल्या भाताच्या पुड्या, येत होते. इकडे अशा शेजाऱ्यांना मुसलमान भाऊबंदच म्हणतात आणि अडीनडीला तसंच वागवतात. हासनाचा आवाज फोनबाहेर सगळ्यांना ऐकू येत होता.

"तुमच्या लोखंडाच्या दिवशी आमचं लोखंड घे की गं! माझ्या जावयाची निळी व्हॅन सहाला दारात उभी करते. मंकूंना सांग, पुढच्या सीटवर बसा, मागे मासळीचा वास येतो."

"आणखी एक काम आहे, दाएंग," मासनीने फोन ओढून घेतला. "पण ते नंतर सांगते."

"आता सांग की. पाहुणे किती?"

मासनीला हसू आलं. या बाईला न सांगता सगळं कळायचं. पण मासनीचा हिशेब अजून पूर्ण झाला नव्हता, कारण काका बोलायचा राहिला होता, आणि तो बोललाच.

"तुमच्या आठ बसेसचं झालं. माझ्या पाचांचं काय? त्यांचं देवघर लोविनाला आहे. माझ्या गाड्या माझ्या दारात पुजल्या जातील, माझ्या मंकूंच्या हातून. त्या काही उद्या कुणाच्या धक्क्यावर झोपायला जाणार नाहीत."

"सुदर्मा, हट्ट करू नकोस," बापा म्हणाले.

"हट्ट नाही. मला माझं देवघर आहे. तुम्हीच म्हणाला होतात ना दोन वर्षांपूर्वी, तुझं तू बघ? मी माझं बघतोय. दहाच्या आधी माझी एकही गाडी दारातून हलणार नाही. हे मी या देवघरासमोर बसून सांगतोय."

कादेकने कपाळाला हात लावला. पाच बसेस म्हणजे एकशेसत्तर माणसं. बापांनी बोलायला तोंड उघडलं, पण मासनीने हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा तिने बापांना असं थांबवलं.

"दहाला हलतील?"

"दहाला. आधी नाही."

"नंतर?"

"नंतर कशाला? दहा म्हणजे दहा. माझ्या गाड्या कधी उशिरा आल्यात?"

"कधीच नाही," मासनी म्हणाली. हे खरं होतं. तिने खाली बसून पाचव्या कागदावर खाडाखोड केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "लोविना ते धक्का, चाळीस मिनिटं. बापा कोमांगच्या पाच बसेस पावणेअकराला धक्क्यावर. कुंडांची सहल चार तासांची. अकराला निघाली तरी तीनला परत, जहाज सहाला. म्हणून कुंडांची एकशेसत्तर माणसं जहाजातून सगळ्यात शेवटी, नऊला उतरतील. पायी दाएंग हासनाच्या वस्तीत जातील. होड्या कशा बांधतात ते बघतील, भाजलेली मासळी खातील आणि साडेदहाला परत येतील. आमच्या आठ गाड्या आठला मुंडुक आणि सिंगराजाला गेलेल्या असतील. झालं."

काका बघतच राहिला. "मी... असं थोडंच म्हटलं मी."

"देवघरासमोर म्हणालात."

मेमेच्या खांद्यांना हसू फुटलं. ती पानात तोंड घालून बसली. बापांनी खोकल्याचं निमित्त केलं. आणि कादेक, जो तासाभरापूर्वी टीव्हीच्या बाजूचा होता, तो म्हणाला, "म्बोक, हे चालेल. जहाजवाल्यांना बदल चालतो, त्यांना न सांगितलेला बदल चालत नाही. आज सहाच्या आत त्या बाईला लिही. माफी मागू नकोस. नुसतं लिही की कुंडांच्या सहलीत कोळ्यांची वस्ती वाढवली आहे, वेळ अशी असेल. आणि वस्तीत मी जातो त्यांच्याबरोबर. एकशेसत्तर माणसांना मासळी वाढायची म्हणजे वेटर हवाच."

"सूप कुठल्या बाजूने?" मासनीने विचारलं.

"डाव्या," कादेक म्हणाला, आणि दोघंही लहानपणीसारखी हसली.

काका उठला. चपला बाहेरच्या बाजूला तोंड करून होत्याच, त्यामुळे त्याला निघायला वेळ लागला नाही. फाटकाशी त्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि तो गेला. बापा त्या फाटकाकडे बघत होते.

"येईल?" मासनीने विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर छातीवर हात ठेवून सांगितलं असतं," बापा म्हणाले. "आता तूच ओळख."

*

शनिवारी सहा वीसला सूर्य समुद्रातून वर आला तेव्हा आठ बसेस धक्क्याच्या पटांगणात ओळीने उभ्या होत्या आणि ड्रायव्हर कमरेला लुंगी, डोक्याला पांढरा रुमाल बांधून कॉफी पीत होते. सात दहाला निळी व्हॅन आली. मंकू पुढच्या सीटवरून उतरले, मांडीवरचं बांबूचं नळकांडं त्यांनी वाटभर दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मागून मासळीच्या वासासकट बापा आणि मेमे आणि चाळीस दुरड्या उतरल्या. मग घंटा वाजू लागली. प्रत्येक बससमोर दुरडी, प्रत्येक चाकावर तीर्थ आणि तांदळाचे दाणे, प्रत्येक काचेखाली पानांचं तोरण. ड्रायव्हरांनी हात जोडले. जहाजावरून काही माणसं फोटो काढत होती, त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सात बेचाळीसला आठवी बस पुजली गेली. आठ वाजून तीन मिनिटांनी पहिली बस मुंडुककडे सुटली. तीन मिनिटांचा उशीर मासनीने स्वतःला माफ केला.

नऊला कुंडांची माणसं उतरली आणि कादेकमागे टोप्या घालून वस्तीकडे चालती झाली. पटांगण रिकामं झालं. बापा फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. तीस वर्षं ते तिथेच उभे राहून गाड्यांना जागा दाखवत आले होते. आज फक्त खुर्ची वाढली होती.

दहा वाजता मासनीने काकाला फोन लावला. बंद. दहा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा लावला. बंदच. पूजेला काका फोन बंद ठेवायचा हे तिला माहीत होतं. पण ज्याला यायचं नाही तोही फोन बंद ठेवतो, हेही माहीत होतं.

सहलींची बाई जहाजाच्या जिन्यावरून खाली आली. उंच, उन्हाने रापलेली, हातात वही. "सकाळचं ते पाहिलं मी," ती म्हणाली. "बसेस आधी नमस्कार करून मग निघतात, ते मला आवडलं. आता उरलेल्या पाच?"

"पावणेअकराला," मासनी म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. ते कधीच उशिरा येत नाहीत."

बोलून गेल्यावर तिला जाणवलं की ती खोटं बोलत नव्हती. काकाबद्दल आतून जे वाटत होतं तेच तिने सांगितलं होतं. बाईने वहीत काहीतरी लिहिलं आणि सावलीत जाऊन उभी राहिली.

दहा पंचवीसला कादेकचा फोन आला. "म्बोक, यांना ऊन लागतंय, मासळी संपली, दाएंग आता गाणं म्हणायच्या बेतात आहे. आम्ही निघालो. बसेस आल्या ना?"

"ये," ती म्हणाली.

दहा बत्तीसला रस्त्याच्या वळणावर हॉर्न वाजला. लांब, दोनदा, मग एक छोटा. काकाचा हॉर्न होता तो; घाटात समोरच्याला सांगायला त्याने स्वतः तयार केलेला. धुरळ्यातून पहिली बस दिसली, काचेखाली पानांचं तोरण, मागे दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. पहिल्या बसच्या स्टिअरिंगवर काका स्वतः होता. डोक्याला पांढरा रुमाल, कपाळाला तांदूळ. त्याने तेरा मिनिटं आधी येऊन दाखवलं होतं.

"कुठेत तुझी माणसं?" त्याने खिडकीतून ओरडून विचारलं. "मी आलो, आणि माणसांचा पत्ता नाही! हे तुमचं नियोजन?"

मासनीला हसावं की रडावं कळेना. तिने वस्तीकडे हात केला. तिकडून टोप्यांची रांग येत होती.

काकाने मान बाहेर काढून फाटकाशी बसलेल्या मोठ्या भावाकडे पाहिलं. तीस वर्षांची सवय होती ती.

"ब्ली, कुठे लावू?"

बापांचा हात खुर्चीवरून अर्धा वर गेला, बोटसुद्धा उचललं गेलं. मग तो हात त्यांनी परत मांडीवर ठेवला.

"मला काय विचारतोस?" ते म्हणाले. "मी आजारी माणूस. तिला विचार."

इंजिन घरघरत राहिलं. मागच्या चार बसेसचे ड्रायव्हर वाट बघत होते, सावलीतली बाई वही मिटून बघत होती.  काकाने मान मासनीकडे वळवली.

"लुह," तो म्हणाला, "कुठे लावू?"

"भिंतीलगत, बापा कोमांग," मासनी म्हणाली. "आणि तोंड आत करून लावा. आज घाई नाही."